नाव भागोजीचं, वीणा राहीबाईची

"अर्ज परत घेऊन जा. त्रुटी आहे."

खिडकीपलीकडून येणारं हे वाक्य ज्यानं आयुष्यात कधीच ऐकलं नाही, असा माणूस मला अजून भेटायचा आहे. तुम्हीआम्ही सगळे कधी ना कधी त्या खिडकीसमोर उभे राहिलो आहोत, घाम पुसला आहे, आणि हातातल्या कागदांकडे गुन्हेगारासारखं पाहिलं आहे. जणू चूक आपलीच! खिडकीची चूक कधी नसतेच!

महाडमधल्या सामाजिक सेवा विभागाच्या कार्यालयात एप्रिलच्या एका सोमवारी निशा तशीच उभी होती. महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांचं काम त्या कार्यालयातून चाले. निशा समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होती. घर तळ्याजवळच्या वस्तीत, वडील शाळामास्तर. डोंगरातल्या वाड्यांवर एकटी राहणारी म्हातारी माणसं कशी जगतात, याचा तिला अभ्यास करायचा होता. त्यासाठी विभागाच्या नोंदवह्या पाहायची आणि त्या माणसांशी बोलायची परवानगी हवी होती. अर्ज दोनदा परत आला होता. आज तिसरी खेप.

"आता काय राहिलं, सर?" तिनं विचारलं.

खिडकीमागे लिपिक दीपक बसला होता. वय पंचेचाळीस, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. माणूस वाईट नव्हता हो! लाच घेत नसे, कुणाला अरेतुरे करत नसे. शनिवारी-रविवारी आसपासच्या गावांत कीर्तनाला टाळकरी म्हणून उभा राही आणि ज्ञानोबा-तुकोबांचं नाव निघालं की त्याचे डोळे भरून येत.

"संमतीपत्रं," तो म्हणाला. "तुम्ही राहीबाईची संमती जोडलीय. कुटुंबप्रमुखाची जोडा. तिच्या मुलाची."

"मला बोलायचंय राहीबाईशी. मुलाची सही कशाला?"

"तसंच असतं."

"कुठल्या नियमात?"

"ताई, मी इथे बावीस वर्षं आहे. पूर्वीपासून असंच चालत आलंय."

निशाचा आवाज चढला. "सर, राहीबाईचं वय चौऱ्याहत्तर आहे. गाय ती सांभाळते, नाचणी ती पेरते, ओढ्यावरून पाणी ती आणते. तिचा मुलगा भागोजी पंचवीस वर्षं नालासोपाऱ्याला राहतो. तिच्याबद्दल तिनं बोलायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं?"

मागच्या रांगेतला एक जण हसला. "पोरगी वकील होनार, बघा!"

दीपकला ते लागलं. त्यानं कपाटातून एक वही काढली, पान उलटलं आणि काचेवर बोट टेकवलं. "हे बघा. राहीबाईचं गाव, आंबेखोंड. एकटे राहणारे वृद्ध: शून्य. जानेवारीत रीतसर सर्वेक्षण झालंय. जे नाहीच, त्याचा अभ्यास कसला करताय?"

निशा त्या शून्याकडे बघत राहिली. सुबक, गोल शून्य होतं. एका दमात काढलेलं.

"सर," ती हळू म्हणाली, "फेब्रुवारीत आजी गोठ्यात घसरून पडली. मनगट मोडलं. सकाळी पडली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच होती. गाय चरायला सोडलेली दिसली नाही, म्हणून पलीकडच्या आनंदीबाईला शंका आली. आनंदीबाईही सत्तरीची. ती ओढा ओलांडून येईपर्यंत आजी शेणात पडून गायीशी बोलत होती. त्या गावाला तुम्ही शून्य दिलंत!"

दीपकनं वही स्वतःकडे ओढली. "एखादी घटना घडते, ताई. नोंद ती नोंद."

"तीस तारखेला या नोंदी वर जाणार ना? ज्या गावांत एकटी म्हातारी माणसं आहेत, तिथे आठवड्याला परिचारिका जाणार. शून्यवाल्या गावात कोण जाईल?"

"तो निर्णय वरचा."

निशानं कागद गोळा केले. जाताना वळून म्हणाली, "कीर्तनाला तुम्ही आंबेखोंडला जाता, मला गावात कळलं. काल्याच्या दिवशी जाता. सगळे चाकरमानी आलेले असतात तेव्हा. एरवी कधी गेलात का, सर?"

उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

दीपकनं वही मिटली, पण ते शून्य काही मिटेना. खरं सांगायचं तर ते त्यानंच काढलं होतं, खुर्चीवर बसून. जानेवारीत वरून हुकूम आला होता: चाळीस वाड्या, पंधरा दिवस. जीप नाही, माणूस नाही. दीपकनं प्रत्येक गावच्या मुंबई मंडळाच्या सचिवाला फोन लावले. "गावात एकटं म्हातारं कुणी?" "छे हो साहेब, आमच्यात तसलं नाय!" झालं सर्वेक्षण! चाळीसपैकी एकतीस गावांपुढे शून्य पडलं.

आंबेखोंडच्या बाबतीत तर सचिवाच्या शब्दावर शंका घ्यायचीही त्याला गरज वाटली नव्हती. त्याच्याजवळ त्याहून पक्का पुरावा होता. सप्ताहाच्या पहाऱ्याची यादी! हरिनाम सप्ताहात सात दिवस देवासमोर वीणा उभी असते. ती क्षणभरही खाली ठेवायची नाही. घरटी एका माणसानं दोन-दोन तास ती गळ्यात घेऊन उभं राहायचं, हा वीणेचा पहारा. आंबेखोंडची गेल्या वर्षीची यादी दीपकच्या मोबाइलवर होती. अठ्ठावीस घरं, अठ्ठावीस पुरुषांची नावं. ज्या घरातला कर्ता पुरुष सात दिवस वीणेला उभा राहतो, त्या घरातली म्हातारी एकटी कशी? आणि वीणेच्या यादीत कुणी खोटं लिहील? देवासमोर? भक्तिमान दीपकच्या मनाला तशी शंकासुद्धा शिवली नाही.

पण आता मात्र शंका शिवली होती, आणि एकदा शिवली की ती कुठली जाते!

रविवारी आंबेखोंडला काला होता. दरवर्षी दीपक दहाच्या सुमाराला, कीर्तनाला टाळ मिळवायच्या वेळी पोचे. यंदा त्यानं पोलादपूरहून पहिली एसटी धरली. फाट्यावर उतरून चढण चढला. आठ वाजत होते. गावात तीन-चार गाड्या नुकत्या येऊन लागल्या होत्या. शहरातली पोरं देवळासमोर मंडळाचा फलक बांधत होती, "अरे थोडा उपर ले ना यार" असं ओरडत होती. देवळात मात्र शांत होतं. गाभाऱ्यासमोर एक म्हातारी वीणा घेऊन संथ पावलं टाकत होती, तोंडानं नाम चालू. डाव्या मनगटाला प्लॅस्टर होतं. वीणेचा भार त्या मोडक्या हातावर येऊ नये म्हणून तिनं पदराची झोळी करून हात गळ्यात अडकवला होता.

खांबावर पहाऱ्याची यादी लावलेली होती. दीपकनं वाचलं. रविवार, सकाळी सात ते नऊ: भागोजी.

त्यानं पुन्हा वाचलं. मग म्हातारीकडे पाहिलं.

"आजी... भागोजी कुठे आहे?"

"आत्ताच उतरला गाडीतना. च्या घेत आसल." म्हातारीनं नाम न थांबवता मध्येच सांगितल्यासारखं सांगितलं.

"मग आठवडाभर त्याचा पहारा कोणी केला?"

"मी. आनिक कोन?" राहीबाईला हसू आलं. "नाव त्याचं हाय, पाय माजे हायत."

दीपक खांबाजवळ सरकला. तो यादीवरून बोट फिरवत गेला. "हा मारुती?"

"तो पुन्याला. त्याची आय उभी ऱ्हाते."

"हा गणपत?"

"त्याला जाऊन धा वरसं झाली बाबा. सोनाबाई उभी ऱ्हाते त्याच्या नावावर."

मेलेल्या माणसाचं नाव यादीत होतं, आणि जिवंत बाईचं नव्हतं! अठ्ठावीस नावांतली अकरा अशी निघाली. त्या अकरा घरांत एकेक म्हातारी होती, आणि तिच्याशिवाय कुणीही नव्हतं. वर्षाचे बारा महिने.

"कुणी लिहिली ही यादी?"

"बुवांनी. आमचे हैबतीबुवा. दर साली तेच लिवतात."

त्याच वेळी बाहेर आवाज चढले. निशा आली होती. सप्ताहाला मुलगे घरी असतात, तेव्हाच सह्या मिळतील, म्हणून ती संमतीपत्रांचा गठ्ठा घेऊन मांडवाच्या कडेला उभी होती, आणि भागोजी तिच्यासमोर हात नाचवत होता.

"काय लिहिणार तू? आम्ही आईला टाकलंय? आमच्या घराची अब्रू पेपरात आणायची? मी दर आठवड्याला फोन करतो, काय समजलीस? दर आठवड्याला!"

"दादा, मी कुणावर आरोप करत नाही. आजी एकटी राहतात, एवढंच..."

"कोण एकटी? अख्खा गाव हाय! कुठल्या आळीतली गो तू, आमच्या गावात नाक खुपसनारी?"

निशाचा चेहरा ताठ झाला. हा प्रश्न कशासाठी असतो, हे तिला शाळेपासून माहीत होतं. "महाडची. तळ्याजवळची. अजून काही विचारायचंय?"

"विचारायचं मला हाय," मागून खर्जातला आवाज आला.

हैबतीबुवा होते. वय एकोणऐंशी, पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं. पंचक्रोशीत काल्याचं कीर्तन त्यांनीच करावं, अशी त्यांची वाणी. ते सरळ निशासमोर गेले.

"बाहेर का उभी पोरी? मांडव देवाचा हाय, भागोजीचा नाय. आत ये, बस."

"जय भीम, बुवा," निशा म्हणाली.

"जय भीम गो बाय. राम कृष्ण हरी." बुवांनी तिच्या हातातला गठ्ठा घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला. "हितं भागोजीची सही का मागतेस? राहीबायची का नाय?"

"राहीबाईंची आहे, बुवा. कार्यालय घेत नाही. मुलाचीच हवी म्हणतात."

"कोन म्हनतो?"

दीपक देवळाच्या पायरीवर उभा होता. टाळ त्याच्या पिशवीत होते. त्याची मान खाली गेली. "मी, बुवा."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. भागोजीला मात्र जोर चढला. "बरं झालं साहेब आलात! सांगा हिला. सरकारी वहीत काय लिवलंय आमच्या गावापुढं? शून्य ना?"

"शून्यच लिहिलंय," दीपक म्हणाला.

"ऐकलंस?" भागोजी निशाकडे वळला.

"ते मी लिहिलंय, भागोजी. त्या खांबावर आहे तशीच गेल्या वर्षीची यादी बघून."

बुवा वळले. त्यांनी खांबावरच्या यादीकडे पाहिलं. आपलंच अक्षर. मग गाभाऱ्यासमोर चालणाऱ्या राहीबाईकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की पुढे बोलायला निघालेला भागोजीही थबकला. बुवांनी खांबापाशी जाऊन यादी सोडवली, घडी घातली आणि कनवटीला लावली.

"कीर्तनाला बसा समदे," एवढंच ते म्हणाले.

दहा वाजता बुवा उभे राहिले. पखवाज लागला, टाळ लागले. दीपक टाळकऱ्यांत उभा होता, पण हात जड झाले होते. मांडव भरला होता. पुढे पुरुष, मुंबईचे नवे शर्ट. मागे, खांबांच्या आडोशाला, म्हाताऱ्या. निशा त्यांच्यात बसली होती.

बुवांनी काल्याचा प्रसंग लावला. देवानं सवंगड्यांना रानात गोळा केलं, प्रत्येकाची शिदोरी सोडायला लावली, आणि सगळं एकत्र कालवलं. दरवर्षीचीच कथा. सगळ्यांना पाठ. म्हणूनच बुवांनी मध्येच टाळ थांबवले, तेव्हा लोक चमकले.

"देवानं शिदोरी कुनाकडं मागितली?" बुवांनी विचारलं.

"सवंगड्यांकडं!" मांडवातून उत्तर आलं.

"त्यांच्या बापांकडं गेला? म्हनला, की तुमच्या पोराच्या शिदोरीत काय हाय ते लिहून द्या, त्यावर सही करा?"

लोक हसले.

"नाय गेला. ज्याच्या खांद्यावर शिदोरी, त्यालाच म्हनला, सोड. हे देवाला कळलं. मला हैबतीला तीस वरसं कळलं नाय!"

हसू थांबलं.

बुवांनी कनवटीची यादी काढली, उलगडली. "ही पहाऱ्याची यादी. अक्षर माजं. मी घरटी एक नाव लिवतो. कुनाचं? कर्त्या पुरुषाचं. गणपतचं नाव हाय हितं. गणपतला जाऊन धा वरसं झाली. मी त्याच्या तेराव्याला जेवलो, आनी दर साली त्याला वीणेला उभा करतो! सोनाबाय, तू किती साल उभी हायस गो त्याच्या जागी?"

मागून बारीक आवाज आला. "तो गेला तवापासनं."

"ऐका! आपन काय सांगत फिरतो? आमच्या गावची वीणा सात दिवस भुईला टेकली नाय! छाती फुगवून सांगतो. ती कुनी उचलून धरली ते का नाय सांगत? का लिवत नाय? वीणा भुईला टेकली तर अख्खा गाव धावल. आनी वीणा धरनारी भुईला टेकली, तर दीड दिवस कुनाला पत्ता नाय! शेनात पडली होती राहीबाय, दीड दिवस! कुठं होता गाव? कुठं होतं मंडळ? कुठं होतो मी? माजं घर तिच्या घरापासनं हाकेवर हाय, आनी मी परगावी कीर्तन करीत होतो!"

पखवाजवाला मान खाली घालून बसला होता.

"गेल्या सालची अशीच यादी सरकारात गेली. माज्या अक्षरावर इस्वास ठिवून गेली. माज्या अक्षरानं या अकरा बायकांच्या घरात पुरुष बसवले. भुतं बसवली! म्हून, ही पोरगी सांगते, त्यांच्या दाराशी सरकारी परिचारिका यायची नाय. आता सांगा, पाप कुनाचं?"

दीपकला राहवलं नाही. गळ्यातले टाळ काढून त्यानं बाजूला ठेवले आणि हात जोडून पुढे आला.

"पाप माझं आहे, बुवा! तुम्ही यादी देवासाठी लिहिली होती. मी ती सरकारी वहीत उतरवली. चढण चढायचा कंटाळा केला. दरवर्षी काल्याला आलो, भरलेला गाव पाहिला, पुरणपोळी खाल्ली आणि समजलो की गाव भरलेलाच असतो. ही मुलगी तीनदा खिडकीशी आली. तीनदा मी तिला परत पाठवली. तिनं म्हातारीला विचारलं होतं, हीच तिची चूक! आणि मी तिला त्रुटी म्हणत होतो!"

भागोजी उठला. चेहरा लाल झाला होता. "म्हणजे आम्ही वाईट? बुवा, भर मांडवात आमची इज्जत घालवलीत! मी हौसेनं ऱ्हातो काय नालासोपाऱ्याला? हितं काम दे ना कोणी! आईला दहादा म्हटलं, चल. ती येत नाय. फोन करतो. पैसे..."

"भागू," राहीबाई म्हणाली.

ती मागे उठून उभी राहिली होती. सारा मांडव वळला. या मांडवात ती सात दिवस उभी होती, पण तिच्याकडे सगळ्यांनी वळून पाहण्याची ही पहिलीच वेळ.

"तू मला टाकलंस आसं कुनी म्हनलं रे? मी म्हनले? ही पोरगी म्हनली? तू फोन करतोस, समदं खरं हाय. पन फोन ठिवल्यावर मी एकटी आसते, ह्ये बी खरं हाय. तुज्या अब्रूपायी मी एकटी नाय आसं लिवलं, तर मी काय एकटी नाय व्हनार? हाय ते लिवू दे की. त्यात तुजी काय अब्रू जाती?"

तिनं प्लॅस्टरचा हात जरा वर केला.

"गोठ्यात पडले तवा," राहीबाई शांतपणे म्हणाली, "मी तुला हाक नाय मारली. तू ऐकनार नाय, मला ठावं व्हतं. मी गायीला म्हनले, कपिले, तू हंबर. ती हंबरली. दिसभर हंबरली. पन हंबरन्याला कोन ऐकतंय? ऐकनारं मानूसच नव्हतं जवळपास. आनी कागदावर म्हनं अठ्ठावीस बापे व्हते!"

कुणीतरी हुंदका दिला. सोनाबाई होती, की आनंदीबाई, की पुढे बसलेल्या नव्या शर्टांपैकी कुणी, कळलं नाही. भागोजी गर्दीतून वाट काढत आईपाशी गेला. तिच्या प्लॅस्टरच्या हातावर त्यानं हात ठेवला आणि लहान पोरासारखं विचारलं, "दीड दिवस, आये? तू तर म्हणाली होतीस, जरा घसरले."

"तुला कामावर टेन्शन नको म्हून," राहीबाई म्हणाली.

बाप्यांनो, बायांनो, इथे जरा थांबा. ही म्हातारी खोटं बोलली ते मुलाला त्रास नको म्हणून. मुलगा खोटं बोलला तो अब्रूसाठी. मंडळ खोटं बोललं ते गावाच्या नावासाठी. बुवांनी रीत म्हणून लिहिलं, लिपिकानं वेळ नाही म्हणून उतरवलं. एकाच्याही मनात वाईट नव्हतं! आणि सगळ्यांनी मिळून अकरा म्हाताऱ्यांना कागदावरून पुसून टाकलं! दुष्टावर चिडता येतं. अशा भल्या माणसांच्या भल्या खोट्यावर कुणी चिडायचं? मी म्हणतो, त्यावरच अधिक चिडायला हवं!

काला झाला. दह्यापोह्यांचा प्रसाद बुवांनी पहिल्यांदा मागच्या खांबांपाशी नेला. मग यादीच्या कोऱ्या बाजूला, मांडीवर पाट घेऊन, त्यांनी नवी यादी लिहायला घेतली. निशा नावं सांगत गेली, बुवा लिहीत गेले. राहीबाई. सोनाबाई. आनंदीबाई. यादी पुरी झाल्यावर ती त्यांनी खांबावर लावली आणि म्हणाले, "पुढल्या सालापासनं उभा राहील त्याचंच नाव. ज्याला नाव पायजे, त्यानं पहाऱ्याला यावं."

राहीबाईनं निशाच्या संमतीपत्रावर पुन्हा सही केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, चार अक्षरांची सही. भागोजी शेजारी उभा होता. "मी पण करू का खाली?" त्यानं विचारलं.

"तुजी कशाला?" राहीबाई म्हणाली. "तुला वाटंल तर साक्षीदार म्हून कर."

त्यानं साक्षीदार म्हणून केली.

सोमवारी दीपक कार्यालयात गेला, तो थेट अनुपमा मॅडमच्या टेबलाशी. त्या तिथल्या अधिकारी. त्यानं दोन कागद पुढे ठेवले. एक निशाचा अर्ज, परवानगीच्या शिफारशीसह. दुसरा स्वतःचा जबाब: एकतीस गावांची शून्यं जागेवर न जाता लिहिली, ती रद्द करून पुन्हा मोजणी करावी.

मॅडमनी तो वाचला आणि चष्मा काढला. "दीपक, तुम्हाला कळतंय का? तुमच्यावर खुलाशाची नोटीस निघेल. नोंदी तीस तारखेला जायच्यात!"

"निघू द्या, मॅडम. आज वीस आहे. मी रजा टाकून फिरतो. निशाताईंच्या कॉलेजची मुलं बरोबर येतायत. आणि एक विचारायचं होतं. संमती कुटुंबप्रमुखाची, हा नियम कुठे आहे?"

मॅडमनी परिपत्रक मागवलं. दोघांनी ओळ न् ओळ वाचली. तिथे लिहिलं होतं: ज्या व्यक्तीकडून माहिती घ्यावयाची, त्या व्यक्तीची संमती. बस्स. कुटुंबप्रमुख हा शब्द अख्ख्या परिपत्रकात नव्हता. बावीस वर्षं जो नियम म्हणून सांगितला, तो कुणी केलाच नव्हता!

अनुपमा मॅडमनी परिपत्रक मिटलं. मग म्हणाल्या, "त्या शून्यांखाली सही माझी आहे. नोटीस दोघांच्या नावे निघू दे." आणि त्यांनी निशाच्या अर्जावर सही केली.

दहा दिवसांत दीपकचे बूट झिजले. वरंधपासून वर, सावित्रीच्या खोऱ्यातून आत, जिथे एसटीही जात नाही तिथपर्यंत तो आणि ती मुलं गेली. दार वाजवलं, आत कोण आहे ते विचारलं, जो आहे त्याचं नाव लिहिलं. एकतीस शून्यांतली चारच खरी निघाली. तीस तारखेला नोंदी वर गेल्या. आंबेखोंडपुढे आकडा होता अकरा. दीपकला नोटीसही आली. त्यानं ती घडी करून टाळांच्या पिशवीत ठेवली.

निशा परवानगीचं पत्र घेऊन आंबेखोंडला गेली, तेव्हा राहीबाई अंगणात नाचणी पाखडत होती. हाताचं प्लॅस्टर निघालं होतं.

"आजी, मिळाली परवानगी."

"वाच."

निशा वाचू लागली. विषय, संदर्भ, जावक क्रमांक. राहीबाईला त्यातलं काही कळलं नाही. पण पत्राच्या शेवटी, संमती देणाऱ्या व्यक्तींच्या यादीत, पहिलंच नाव आलं, तेव्हा तिचं सूप थांबलं.

"काय म्हनलीस? परत वाच."

"श्रीमती राहीबाई, राहणार आंबेखोंड."

"भागूचं नाव नाय?"

"नाही. तुमचंच."

राहीबाईनं पदरानं हात पुसला, पत्र घेतलं, उलटसुलट पाहिलं. मग गोठ्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "कपिले, ऐकलंस का गो? आपली नोंद झाली!"

कपिला हंबरली. यावेळी ऐकायला माणूस होतं.

माझ्या बांधवांनो, आपण देवळात आणि कचेरीत, दोन्हीकडे याद्या लिहितो. तुम्ही शिक्षक असाल, सरपंच असाल, मंडळाचे सचिव असाल, नाहीतर नुसते घरातले थोरले असाल. पुढच्या वेळी लिहायला बसाल, तेव्हा लेखणी टेकवण्याआधी उठा आणि दारापर्यंत चालत जा. ज्याचं जगणं, त्यालाच विचारा. जो उभा आहे, त्याचंच नाव लिहा. दुसऱ्याच्या सहीनं कुणाचं दुःख नाहीसं होत नाही. ते फक्त आपल्याला दिसेनासं होतं. आणि देवासमोर हात जोडून उभे असताना, शेजारी वीणा कुणाच्या हातात आहे ते ज्याला दिसत नाही, त्याला देव तरी कसा दिसावा!